आधी छर्रे, मग रोडगे

थंडी पडली, तुरीला शेंगा धरल्या, की नागपुरात कळमन्याच्या यार्डात वर्गणीची वही फिरू लागते. मिरचीवाले, धान्याचे अडते, काट्यावरचे मापारी, दोन-चार टेम्पोवाले. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. जागा म्हणजे आपल्यातल्याच कुणाचं तरी शेत, बहुतेक कन्हान ओलांडून रामटेकच्या वाटेवर. तंबू, सतरंज्या, गोवऱ्यांचं पोतं, टोपलीभर वांगी, जाडसर दळलेले गहू, सांबार. आणि चार-पाच वर्षांपासून या सामानात एक लांबट पिशवीही असते, छर्र्याच्या बंदुकीची.

राजेहो, मी ती पिशवी घरी ठेवून या म्हणणार नाही. मीही नेम धरतो, आणि माझा नेम फार चांगला नाही हेही आमच्या गटात सगळ्यांना ठाऊक आहे. जत्रेत फुगे फोडणारा माणूस मोठा झाला की त्याला दहा मीटरवरचं कागदी वर्तुळ खुणावतंच. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य घेतलं, तेव्हा यार्डात चहाच्या टपरीवर आम्ही सगळे नेमबाजीतले जाणकार झालो होतो. हौस चांगली आहे. माझं म्हणणं फक्त वेळेबद्दल आहे: नेमबाजी आधी उरका, बंदूक गाडीत कुलूपबंद करा, आणि मगच गोवऱ्यांना काडी लावा.

हे सुचलं ते एका गंजामुळे. मागे एका हिवाळ्यात आमचा स्वयंपाक सुरू झाला होता. चूल एका बाजूला, आणि वीसेक पावलांवर दगडावर रिकाम्या बाटल्या मांडलेल्या. नेमबाजी तशी संपली होती. पण एकाला ‘शेवटचा एक’ मारायचा होता. छर्रा बाटलीला लागला नाही, दगडाला लागला आणि फिरला. टण्णकन आवाज आला तो वांग्याच्या भाजीच्या गंजातून. गंजासमोर आमच्या एका भाऊची बायको उकिडवी बसून भाजी हलवत होती. तिचा चेहरा तिथून दोन हातांवर होता. ती काही बोलली नाही, तिने झारा खाली ठेवला आणि उठून टेम्पोत जाऊन बसली. तो गंज अजून आमच्याकडे आहे. काठाखाली हरभऱ्याएवढा पोचा पडलाय.

लोक म्हणतात, छर्राच तो, लागून लागून किती लागणार? कातडीला लागला तर कदाचित नुसता रुतेल. पण डोळा फुटायला कातडी फुटण्याइतकाही जोर लागत नाही. चुकून डोळ्याला लागलंच तर चोळू नका, पाणी मारू नका, दाबून पट्टी बांधू नका. वरून कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि सरळ मेयो नाहीतर मेडिकल रुग्णालय गाठा.

मांडणी कशी करायची ते आपल्याइतकं सोपं कुणालाच नाही, कारण आपल्याकडे बारदाना आहे. आठ-दहा रिकामी पोती मातीने भरा, एकावर एक रचा, पुढे संत्र्याच्या जुन्या पेटीत रद्दी ठासून भरा आणि त्यावर कागद लावा. छर्रा रद्दीत थांबतो, नाही थांबला तर मातीत. पोत्यांच्या मागे शेताचा उंच धुरा किंवा बांध असावा, पायवाट किंवा शेजाऱ्याची कापणी चाललेली नको, कारण चुकलेला छर्रा शंभर-दोनशे मीटर सहज जातो. दगड, पत्र्याचा डबा, बाटली, झाड यांवर नेम धरायचा नाही. शेततळ्याकडे तोंड करून तर मुळीच नाही, पाण्यावरूनही छर्रा उसळतो. अंतर दोरीने मोजून दहा मीटर घ्या, ऑलिम्पिकला एअर रायफल तेवढ्यावरूनच मारतात. त्या निशाणीवरच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर असतो. एकदा तो कागद लावून बघा, म्हणजे बाटल्या फोडण्याची मजा किती पोरकट आहे ते कळेल.

नेम धरायच्या रेषेच्या पुढे कुणी गेलं की बंदूक खाली, नळी मोडून उघडी. छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवा, स्प्रिंग सुटली तर बोटं चेचते. ‘रिकामी आहे रे’ असं म्हणून कुणाकडे नळी फिरवणाऱ्याला त्या दिवशी पुन्हा बंदूक देऊ नका, तो कितीही मोठा अडत्या असो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो पारदर्शक चष्मा, मारणाऱ्याला आणि शेजारी उभं राहणाऱ्याला. आणि हुकूम एकाच माणसाचा. तो दिवसभर पीत नाही, गाडीची किल्ली त्याच्याच खिशात असते.

आणखी एक वाईट सवय मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. पटापट भरता यावेत म्हणून काहीजण चार-पाच छर्रे तोंडात धरतात. छर्रा शिशाचा असतो, राजेहो. शिसं पोटात जातं, आणि त्याच हातांनी पुढे कणीक मळायची असेल तर सगळ्या पंगतीच्या पोटात जातं. बंदूक ठेवल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय परातीजवळ फिरकू नका. पोरांना तर छर्र्यांची डबी खेळायलाही देऊ नका.

आता कायद्याचं. बंदुकीच्या नळीचं भोक 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा तिचा जोर 20 ज्यूलच्या वर असेल, तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागतो. आजोबांच्या वेळची, घरात पडून असलेली जाड नळीची बंदूक ‘एअरगनच तर आहे’ म्हणून घेऊन येऊ नका. ज्यांच्याकडे पीकरक्षणाचं किंवा स्वसंरक्षणाचं खरं शस्त्र आहे त्यांनी ते घरीच ठेवावं. जल्लोषात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावच्या पोलीस पाटलाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, अर्धा ताप तिथेच संपतो.

आणि जंगल. रामटेकच्या पुढे गेलं की मानसिंगदेव अभयारण्य आणि पेंच लागतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारं काहीही बसतं, गुलेलसुद्धा. बाहेर शेतात बसलेल्या पोपटावर किंवा मोरावर नेम धरणं हीही शिकारच, पाखरू पडो न पडो. कायदा प्रयत्नालाही शिकारच म्हणतो. आपल्यातल्या एखाद्याला तरी ‘एकच तितर’ असं सुचतं. त्याला तिथेच थांबवा. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोक आपल्या एअरगन सरकारजमा करत आहेत, कारण तिथली पाखरं छर्र्यांनीच संपत चालली होती.

रोडग्यांवर मात्र मला जरा सावकाश लिहू द्या, कारण त्यांच्यामुळेच हे सगळं नीट जुळतं. जाड्या पिठात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. तीन-चार लहान पोळ्या तेल लावून एकीत एक गुंडाळून गोळा करायचा. गोवऱ्या पेटल्या की घाई करायची नाही. धूर सरून निखारा लाल झाला, वर राखेची पातळ साय आली, की रोडगे पसरायचे आणि वरून गरम राख. उलटायचे, पुन्हा झाकायचे. यात दीड-दोन तास जातात. तोवर माणसं इकडेतिकडे पांगतात, पोरं राखेजवळ येतात, कुणी वांगी चिरतो, कुणी बाटली उघडतो, कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. अशा वेळी बंदूक हाताशी असणं म्हणजे काय, हे त्या गंजाला विचारा. शेवटी राख झटकून रोडगा हातानेच फोडायचा, वाफ निघताना आत तूप सोडायचं, वरण आणि तर्री आलेली वांग्याची भाजी. पंगतीत आधी स्वयंपाक करणाऱ्यांना बसवा. त्यांना दरवेळी गारच मिळतं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

रात्रीचं थोडक्यात. शेगडी तंबूत नेऊ नका, कोळशाचा वायू वासही देत नाही आणि झोपेतच माणूस नेतो. अंधारात शेजारच्या शेतात शिरू नका, रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडलेली असते आणि आपल्याकडे त्यात माणसं मेली आहेत. हाडं-उष्टं तंबूजवळ टाकू नका. निघताना राखेवर दोन बादल्या पाणी ओता आणि हात घालून बघा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचे दिवस, तेव्हा रानालगतच्या शेतात गोवऱ्या पेटवूच नका.

तर पुढच्या वेळी वही फिरेल तेव्हा पैशांचा आकडा लिहिण्याआधी पहिल्या ओळीत एक नाव लिहा: बंदूक आणि किल्ली कोणाकडे. ते नाव ठरत नसेल, तर लांबट पिशवी कळमन्यातच राहू द्या आणि रोडगे खाऊन या.