जेवणाऐवजी शेक: वजन उतरतं, पण पुढे काय?

सकाळी शेक, रात्री शेक आणि दुपारी एकदाच पोळी-भाजी. वजन कमी करण्यासाठी अनेक जण हा मार्ग निवडतात. पण डब्यातली पावडर खरंच काम करते का?

मील रिप्लेसमेंट म्हणजे काय?

एका वेळच्या जेवणाऐवजी घ्यायची पावडर, सूप किंवा बार. 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार अशा एका जेवणातून २०० ते ४०० किलोकॅलरी मिळायला हव्यात. त्यात प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि खनिजं किती असावीत, हेही ठरलेलं आहे. म्हणजे दुधात ढवळलेली नुसती प्रोटीन पावडर हा जेवणाला पर्याय नाही.

वजन कमी होतं का?

होतं. ब्रिटनमधली 'डायरेक्ट' चाचणी याचं सर्वांत ठळक उदाहरण. टाईप २ मधुमेह असलेल्या सुमारे ३०० जणांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० किलोकॅलरींच्या शेक आणि सूपवर ठेवलं गेलं. २०१७ मध्ये पहिल्या वर्षाचे निष्कर्ष आले. या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं.

मग अडचण कुठे आहे?

दुसऱ्या वर्षाअखेर ४६ टक्क्यांचे ३६ टक्के झाले. वजन परत वाढलं, तशी साखरही परतली.

शिवाय या चाचणीत फक्त शेक नव्हते. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरुवातीलाच थांबवली होती. नंतर दोन ते आठ आठवड्यांत नेहमीचं जेवण टप्प्याटप्प्यानं सुरू केलं गेलं आणि पुढेही नियमित भेटी होत राहिल्या. बाजारात विकत मिळतो तो फक्त डबा. ही देखरेख त्यासोबत येत नाही.

भारतात हा फरक जास्त महत्त्वाचा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण अचानक निम्म्यावर आणलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गरोदर आणि स्तनदा माता, लहान मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

डबा घेण्याआधी काय विचारावं?

एका वेळेला किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळतात? हे किती आठवडे घ्यायचं? चालू औषधांचं काय करायचं? आणि शेक बंद झाल्यावर ताटात काय असेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्याकडे नसेल, तर उतरलेलं वजन टिकण्याची शक्यता कमीच.