डांबरात जे अडकले ते

लॉस एंजेलिस शहरात ला ब्रेआ नावाचे डांबराचे खड्डे आहेत. गेली सुमारे ५०,००० वर्षे भूगर्भातले तेल तेथे पाझरते. त्यातला हलका अंश उडून जातो, चिकट डांबर उरते. एखादा गवा त्यात रुतला की त्याच्या मागोमाग लांडगे येत आणि तेही रुतत. डांबर हाडांत मुरले, म्हणून ती टिकली. पण तेथील सस्तन प्राण्यांच्या अवशेषांत सुमारे ९० टक्के शिकारी आहेत! कोणत्याही रानात भक्ष्यापेक्षा भक्षक अधिक नसतात. हा साठा रानाचा नमुना नव्हे, सापळ्याचा हिशेब आहे.

दुसरी चाळणी माणसाची. १९१३ ते १९१५ च्या उत्खननात मोठी हाडे जपली गेली. बिया, कीटक, उंदरांचे दात बहुतांशी दुर्लक्षिले गेले. १९६९ मध्ये ९१ क्रमांकाचा खड्डा पुन्हा उघडला, तो या 'टाकाऊ' मालासाठी.

वाङ्मयेतिहास शिकवताना आपण अशी शंका का घेत नाही? तेराव्या शतकातील मराठीचे चित्र आपण बव्हंशी महानुभाव आणि वारकरी पोथ्यांवरून काढतो. त्या टिकल्या, कारण मठ होते, नक्कलकार होते, सकळ लिपीचे कुलूप होते. जात्यावरच्या ओवीला असे डांबर तेव्हा लाभले नाही. तरीही 'आद्य ग्रंथ कोणता' यावर आपण (प्रस्तुत लेखकही त्यातलाच) शाई आटवतो. पोथी कोणी, कोठे, कशासाठी सांभाळली, हा प्रश्न मात्र पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेत क्वचितच येतो.