विश्लेषण : बदलापूरच्या आरोपीवर खटला चालणं का गरजेचं होतं?

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरलेल्यांची ‘फाशी द्या’ ही मागणी समजण्यासारखी होती. शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार, वर तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलेलं. लोकांचा राग पोलिसांच्या ढिलाईवर होता. महिनाभरात, २३ सप्टेंबरला, पोलिसांच्याच गोळीने आरोपी ठार झाला आणि ‘बदला पुरा’चे बॅनर लागले.

नेमकं काय घडलं?

तळोजा तुरुंगातून व्हॅनमधून नेताना मुंब्रा बायपासजवळ आरोपीने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षण केलं, असा पोलिसांचा दावा. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी कायद्यानुसार दंडाधिकारी करतात. त्यांचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टापुढे आला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नाहीत, बळाचा वापर समर्थनीय नाही, पाच पोलीस जबाबदार. ७ एप्रिलला न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने गुन्हा नोंदवून एसआयटी तपासाचा आदेश दिला.

‘अशा नराधमाला कसले हक्क?’ हा प्रश्न नाक्यावर हमखास ऐकू येतो. घटनेच्या २१व्या अनुच्छेदात ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, ‘सज्जन व्यक्ती’ नाही. एन्काउंटर झाल्यास गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या पीयूसीएल खटल्यात सांगितलंय.

आणि यात पीडित मुलींचंही नुकसान आहे, ज्यावर फार कमी बोललं जातं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. त्याची उलटतपासणी नाही, दोषी ठरवणारा निकाल नाही. शाळेत कोणाला काय माहीत होतं, हे त्याच्या तोंडून कधीच कळणार नाही. इंजिनीअरिंगला शिकवतात, तुटलेला पार्ट भंगारात टाकू नका, तो का तुटला ते आधी बघा. इथे पार्टच गायब.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या उल्हासनगरात हिललाईन पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला. त्यात अटक झालेल्या आमदाराला वकील मिळाला, कोर्ट मिळालं. मिळायलाच हवं. बदलापूरच्या आरोपीच्या आई-वडिलांना मात्र दफनाच्या जागेसाठीही हायकोर्टात जावं लागलं. शेवटी उल्हासनगरातच, स्थानिकांचा विरोध असताना, पोलीस बंदोबस्तात दफन झालं.