घाटावरचा आकडा, घाटाखालचा आकडा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ओळख झाली की पहिला प्रश्न असतो, "तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?" बुलढाणा, चिखली, मेहकर वर, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव खाली. मे महिन्यात राजूर घाट उतरताना हवा कशी बदलते, ते गाडीवर टूलकिट बांधून फिरणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला अंगावर कळतं. तरीही एसी बसवून निघताना आपण दोन्हीकडे रिमोटवर एकच आकडा ठेवतो, १८.

ग्राहकाला वाटतं, १८ वर खोली लवकर थंड होते. ही समजूत खोडून काढायचं काम आपलंच आहे. जुन्या फिक्स्ड स्पीड मशिनचा कॉम्प्रेसर एक तर चालू असतो नाही तर बंद. इन्व्हर्टर मशिनही ३६ अंशांची खोली गार करताना आधी पूर्ण जोरातच धावतं, मग सेटिंग २५ असो की १८. फरक पडतो तो पुढे. २५ ला मशिन शांत होतं. १८ ला ते शांत होतच नाही, कारण तिथवर पोहोचतच नाही. दीड टनाची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. नांदुऱ्यात बाहेर ४४ असताना तेच मशिन दीड टन देत नाही.

२०२० पासून नवे स्टार लेबलचे एसी मुळातच २४ अंशांच्या सेटिंगवर येतात. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा हिशेब आहे. आमचं मत आणखी एक पाऊल पुढे आहे. घाटाखाली उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे पंखा लावून २६ पुरतं. घाटावर रात्री २७ ठेवून बघा. मात्र त्याच खोलीत कूलर चालू ठेवू देऊ नका. कूलर ओल टाकत राहतो आणि एसीची बरीच ताकद ती ओल काढण्यात जाते.

आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे सेन्सर. गेल्या उन्हाळ्यात नांदुऱ्याच्या एका घरी गेलो होतो. काकू म्हणाल्या, "दोन खेपा गॅस भरला दादा, तरी खोली थंडी होऊन नाही राह्यली." सेटिंग २४ होतं आणि मशिन वारंवार मंदावत होतं. पलंगाजवळ थर्मामीटर ठेवला तर ३१. पुढचं पॅनल उघडलं. रूम सेन्सर क्लिपमधून निसटून कॉइलच्या पत्र्याला टेकला होता. त्याला कॉइलची थंडी लागत होती, म्हणून खोली गार झाली असं मशिनला वाटत होतं. सर्व्हिसिंग करताना कोणी तरी तो परत अडकवायला विसरलं होतं. क्लिप बसवायला दोन मिनिटं लागली. त्या घराचे दोन वेळच्या गॅसचे पैसे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. गेजला हात लावण्याआधी सेन्सर बघा.

आता घाटावर हॉट अँड कोल्ड एसीची विचारणा होते. तोच खरा हीट पंप: फोर-वे व्हॉल्व्ह फिरला की गॅसची दिशा उलटते आणि बाहेरची उष्णता आत येते. इथे सेटिंगची गोम वेगळी आहे. गरम हवा वर जाते, आणि सेन्सरही वरच, इनडोअर युनिटमध्ये. २१ लावलं तर छताजवळ २१ होतं, खाली अंथरुणात १८. म्हणून हीट मोडमध्ये फ्लॅप खाली वळवा आणि लागेल तसा आकडा दोन-तीन अंश चढवा. काही मशिनांत ही भरपाई आधीच धरलेली असते, तेव्हा मॅन्युअल वाचूनच हात घाला. रिमोटमध्ये सेन्सर असेल, 'फॉलो मी' किंवा 'आय फील' लिहिलेला, तर रिमोट उशाशी ठेवायला सांगा, उन्हाच्या खिडकीत किंवा टीव्हीच्या डोक्यावर नको. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट कोणी पुढे केला, तर आधी त्याचा व्होल्टेज बघा. अमेरिकेतले बहुतेक २४ व्होल्टचे असतात, आपल्या स्प्लिटला ते तसे जोडता येत नाहीत.

या हंगामापासून जॉबकार्डावर दोन आकडे लिहायला सुरुवात करा: रिमोटवरचा आणि अर्ध्या तासानंतर पलंगाच्या उंचीवर मोजलेला. दोन्हींत दोन अंशांहून जास्त अंतर दिसलं, तर पाना पेटीत ठेवू नका.