फजितीचा अधिकार

डेव्हिड निकल्स यांची ‘स्टार्टर फॉर टेन’ ही २००३ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी विनोदी म्हणून वाचली जाते आणि ती विनोदी आहेही. साउथएन्डच्या कामगारवस्तीत वाढलेला, पितृछत्र हरपलेला ब्रायन जॅक्सन १९८५ मध्ये विद्यापीठात दाखल होतो. वडिलांसमवेत पाहिलेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत चमकावे, ही त्याची आकांक्षा. सुखवस्तू घरातील ॲलिसवर छाप पाडण्याच्या खटपटीत तो पदोपदी हास्यास्पद ठरतो आणि अखेर, आधीच नजरेस पडलेल्या प्रश्नाचे उत्तर तो पुरता विचारला जाण्यापूर्वीच देऊन स्वतःची व संघाची शोभा करून घेतो.

ही फजिती त्याला परवडली कशी, याचा मात्र फारसा विचार होत नाही. ब्रिटनमधील १९६२ च्या शिक्षण कायद्यान्वये पदवीसाठी पूर्णवेळ शिकणाऱ्यांचे शुल्क स्थानिक शिक्षण-प्राधिकरणे भरीत आणि पालकांचे उत्पन्न पाहून निर्वाह-अनुदानही देत. १९८५ मध्ये त्या देशात बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. तरीही विधवेचा मुलगा निर्धास्तपणे साहित्य शिकू शकत होता, चुकीच्या मुलीच्या प्रेमात पडू शकत होता आणि सर्वांदेखत तोंडघशीही पडू शकत होता.

पुढे हा आधार क्रमाक्रमाने काढून घेण्यात आला. १९९० मध्ये विद्यार्थी-कर्जे आली, १९९८ मध्ये शुल्क आले, २०१२ मध्ये इंग्लंडात त्याची मर्यादा नऊ हजार पौंडांवर गेली आणि २०१६ पासून तेथील नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह-अनुदानही रद्द झाले. ब्रायनच्या काळी विद्यापीठाची पायरी चढणारे आजच्या मानाने फार थोडे होते आणि वाढत्या संख्येचा भार सरकारी तिजोरीने किती सोसावा, हा प्रश्न खोटा नव्हे, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याचे उत्तर शोधताना नेमके काय गमावले, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

गरिबाच्या मुलाने हुशार, कष्टाळू आणि कृतज्ञ असावे, अशी समाजाची अपेक्षा असते. चुकण्याची व चुकांतून शहाणे होण्याची मुभा श्रीमंतांच्या मुलांना जन्मतःच लाभते. इतरांना ती कोणीतरी द्यावी लागते. डोक्यावर कर्ज घेऊन वर्गात बसणाऱ्याला प्रत्येक चूक महाग पडते. त्याच्या वाट्याला पदवी येईलही. ब्रायनला लाभलेले तारुण्य येईलच, असे नाही.