शर्यतींतील शासन आणि मुके स्पर्धक

फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींचें नांव आमच्या वाचकांच्या घरांतील तरुण मंडळींस नवें नाहीं. १२ डिसेंबर २०२१ रोजीं अबूधाबी येथें हंगामाची अखेरची शर्यत झाली, त्या वेळीं हॅमिल्टन व व्हर्स्टॅपेन यांचे गुण तंतोतंत सारखे होते. शेवटीं शेवटीं एक गाडी आदळली, आणि मार्ग साफ होईपर्यंत सर्वांस संथ चालावें लागलें. अशा वेळीं फेरीनें मागें पडलेल्या गाड्यांस पुढें जाऊं देतां येतें. संचालक मासी यांनीं मात्र या दोघांच्या मधल्या पांचच गाड्या सोडल्या. एकच फेरी उरली, आणि नवे टायर चढविलेला व्हर्स्टॅपेन जगज्जेता ठरला. हॅमिल्टनच्या पक्षाची हरकत फेटाळली गेली. पुढें २०२२ मध्यें मासी त्या जागेवरून गेले, व इंग्रजी नियमांतील ‘कोणत्याही’ गाड्यांच्या जागीं ‘सर्व’ गाड्या असा पाठ आला. जगज्जेतेपद एका विशेषणावर अडलें! व्याकरण निरुपयोगी म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

या परक्या तंट्याची आठवण होण्याचें कारण घरचेंच आहे. त्यानंतर चौथ्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यतींस सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ च्या निकालानें राज्याचा कायदाहि वैध ठरला. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, धांव १,००० मीटरहून अधिक नको, चाबूक व विजेचा धक्का वर्ज्य, असे नियम आहेत. पुण्याकडील घाटांत गाड्यावर कोणी बसत नाहीं, पुढें घोडी पळते. सातारा-सांगलीकडे गाडीवान बसतो, आणि त्याच्या हाताकडे लक्ष ठेवावें लागतें.

पण तें ठेवणार कोण? भरविणारे गांवचे, गाडीवान त्यांचेच भाऊबंद. शेंपटी पिरगाळली तर बोट कोण दाखवील? अबूधाबीस हरलेल्या पक्षापाशीं निदान वकील तरी होता. आमच्या नारायणगडाच्या पंचक्रोशींत पोळ्याला बैलास पुरणपोळी भरवितात, त्याची पाद्यपूजा करितात. पण शर्यतीच्या मैदानांत त्याच्या वतीनें हरकत घेणारा कोणी नसतो.

आमची सूचना साधी आहे. बक्षीस निशाण पडतांच देऊं नये. परगांवच्या पशुवैद्यानें, भरविणाऱ्यांनीं निवडलेल्या नव्हे, जोडीचें अंग तपासावें व मगच तें द्यावें. एक जरी ताजा वळ आढळला, तर ती जोडी कितीहि आधीं पोंचलेली असो, बक्षीस दुसरीकडे जावें.