पाकिटावर भाव छापला, जबाबदारी कुठे छापली?



मृगाच्या तोंडावर आपण कृषी सेवा केंद्रात जातो आणि सरकीचे 475 ग्रॅमचे पाकीट घेतो. 2025 च्या हंगामात केंद्र सरकारने त्याचा कमाल भाव 901 रुपये ठरवला होता. कोणी रोख देतो, कोणी दुकानदाराच्या वहीत मांडतो. कंपनीचा व्यवहार त्याच दिवशी पुरा होतो आणि आपला त्याच दिवशी सुरू होतो. पाऊस उघडला तर आपला, अळी पडली तर आपली, भाव पडला तर आपला. सगळा नफा आधी आणि सगळी जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात, असा धंदा मोंढ्यातल्या अडत्यालाही अजून साधलेला नाही.

आपल्याच घरातली दोन पिके शेजारी ठेवून पाहा. मालदांडीचे चांगले कणीस बाजूला काढून ठेवले की पुढच्या रब्बीचे बी घरात तयार. कपाशीचे मात्र दर साली नवे पाकीट. संकरित वाणाची सरकी ठेवून पुन्हा लावली तर पऱ्हाटी एकसारखी येत नाही, हे आपण जाणतो. अमेरिका, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया इथे कपाशी मुख्यतः सरळ वाणाची. आपल्याकडे बीटीचा जनुक आला तो संकरित वाणातच घालून. ज्याला बी दर साली विकायचे आहे, त्याला सरळ वाण कशाला परवडेल?

आता हे कसे घडले ते वर्षवार पाहू, कारण आपल्या विस्मरणावर पुष्कळांची दुकाने चालतात.

महिको ही परकी कंपनी नव्हे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी ती जालन्यात काढली, तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होते. ज्वारी-बाजरी-कपाशीचे संकरित बी गावोगाव पोचवण्याचे काम त्या माणसाने केले, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्याबद्दल आकस धरण्याचे कारण नाही. त्याच 1998 साली अमेरिकेच्या मोन्सँटोने महिकोत 26 टक्के हिस्सा घेतला आणि दोघांची निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी उभी राहिली. मार्च 2002 मध्ये तिच्या बोलगार्डला मंजुरी मिळाली. त्याआधी 2001 साली गुजरातेत नवभारत 151 हे विनापरवाना बीटी वाण शेतांत उभे सापडले आणि सरकार ते जाळायला निघाले. तेव्हा शरद जोशी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. तंत्रज्ञान वापरायचे की नाही हे शेतकरी ठरवील, ही आपली भूमिका तेव्हापासूनची आहे. बीटीने पहिली काही वर्षे अमेरिकन बोंडअळीच्या फवारण्या वाचवल्या, हे ज्याने पाठीवर पंप वाहिला त्याला कोणी शिकवायला नको.

पण भाव पाहा. साध्या संकरित सरकीचे पाकीट साडेचारशेच्या आसपास असताना बीटीचे 1600 रुपयांना, आणि त्यातले 1250 रुपये एकट्या जनुकाचे. 2006 साली आंध्र सरकारने हे मक्तेदारी आयोगापुढे नेले. मग पाकीट 750 वर आले. 1600 चे 750 झाले म्हणून कंपनी बुडाली नाही. धंदा पुढेही जोरात चालला. मग आधीच्या चार हंगामांत आपण जे भरले ते कशाचे?

आणि खरी गोम तर पुढेच आहे. त्या पहिल्या बोलगार्डच्या जनुकावर भारतात पेटंटच नव्हते! पेटंट होते ते 2006 साली आलेल्या बोलगार्ड दोनवर, आणि त्याची मुदत 2019 साली संपली. पेटंट नसताना स्वामित्वाचे पैसे वसूल होऊ शकले, कारण सरकारच्या मंजुरीचा शिक्का एकाच दुकानाकडे होता. दुसऱ्या कोणाला तोच माल आणायचा तर पुन्हा वर्षानुवर्षे चाचण्या, कागद, दिल्लीच्या खेपा. दुसरे जनुक मंजूर व्हायला 2006 उजाडले. त्यात एक चिनी जनुक आपल्याच औरंगाबादच्या नाथ सीड्सने आणले होते, पण तोवर बाजार एका नावाने भरून गेला होता. खुल्या बाजाराला शिव्या देणाऱ्या पंडितांना हे सांगितले पाहिजे. ही मक्तेदारी खुल्या बाजारात वाढलेली नाही, ती लायसन्स-परमिटच्या कुंपणाआड वाढली.

सरकारी संशोधनाचे काय? 2009 साली नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नरमा हे सरळ बीटी वाण आणले. बी घरचे ठेवता येणार म्हणून लोक खूश झाले. पुढे त्यात मोन्सँटोचाच जनुक निघाला आणि वाण मागे घ्यावे लागले. नांदेडच्या केंद्राचे एनएचएच 44 हे आपल्या हलक्या रानात टिकणारे वाण, पण त्याचे बीटी रूप यायला इतकी वर्षे गेली की तोवर बाजारातली त्याची जागा उरली नव्हती. पगार मात्र दर महिन्याला वेळेवर झाले.

आता शेतातला हिशेब. पाकीट महाग म्हणून आपण सरकी विरळ लावतो, एका जागी एकच दाणा, आणि झाड मोठे होऊ देतो. हे झाड सहा महिने रानात उभे राहते. काळ्या रानाच्या भागाला ते सोसते, मुरमाड कोरडवाहूत ऑक्टोबरलाच ओल संपते आणि बोंडे भरायची तर अजून बाकी असतात. उशिराच्या त्याच बोंडांत गुलाबी अळीचे बिऱ्हाड. आणि कपाशी जितकी लांबते तितक्या अळीच्या पिढ्या वाढतात. 2010 साली मोन्सँटोनेच मान्य केले होते की गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बोलगार्डला दाद देत नाही. त्यावर उपाय सांगितला तो बोलगार्ड दोनचा. 2017 साली महाराष्ट्रात तीही अळीने खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषाने शेतकरी-मजूर मेले.

यात आपलीही चूक आहे, ती झाकू नये. पाकिटासोबत बिगर-बीटीची जी छोटी पुडी यायची, ती कडेच्या तासांत लावण्याऐवजी आपण बांधावर फेकली, आणि पाणी असलेल्यांनी फरदड उन्हाळ्यापर्यंत ठेवली. पण पुडी का लावायची हे चार वाक्यांत समजेल असे सांगायला कंपनीचा माणूस किती वाड्या-तांड्यांवर आला? भाव सांगायला मात्र जीप फिरत होती.

त्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सरकारने मदत जाहीर केली: कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपये. त्यातले 16,000 बियाणे कंपन्यांकडून मिळतील असे सांगितले. कंपन्या म्हणाल्या, बियाण्यात दोष नाही, अळीच बदलली. ते 16,000 ज्याच्या खात्यावर आले असतील त्याने जिल्हा बैठकीत उभे राहून सांगावे, आम्ही त्याचा नारळ देऊन सत्कार करू.

सरकारने यावर एकच औषध शोधले: पाकिटाचा भाव बांधून टाकणे. महाराष्ट्राने 2009 साली त्यासाठी कायदा केला, डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने हुकूम काढला, जनुकाची रक्कम उतरत उतरत 2020 साली शून्यावर आली. आपल्यातले काही जण यावर टाळ्या वाजवतात. पण 2016 साली तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्जच कंपनीने मागे घेतला, आणि ते वाण चोरवाटेने शेतात आले. त्याचे ना बिल, ना टॅग, ना उगवणीची हमी. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघड पेरून सत्याग्रह केला. तेव्हाच्या कायद्यात त्याला पाच वर्षांच्या कैदेची तरतूद होती. बी विकून नामानिराळे राहणाऱ्याला काही नाही, पेरणाऱ्याला कैद!

भाव बांधल्याने आपले शेदोनशे रुपये वाचतात. जोखीम आहे तिथेच राहते. आम्हाला भावाचे बंधन नको, जबाबदारीचे हवे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याचे 39 वे कलम वाचा. शेतकऱ्याला घरचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क त्यात आहे. ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही एवढेच. त्याच कलमात पुढे लिहिले आहे की नोंदणी झालेल्या वाणाचे बी विकताना कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न अपेक्षित आहे ते विक्रेत्या पैदासकाराने सांगितले पाहिजे, आणि तसे न आल्यास शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. सिल्लोड, पैठण, गंगापूर, वैजापूर, कुठल्याही दुकानात जा आणि पाकीट उलटून बघा. मुरमाड कोरडवाहू रानात एकरी किती क्विंटल, हे मराठीत छापलेले सापडते का?

म्हणून या हंगामात एवढे करा. पक्के बिल घेतल्याशिवाय पाकीट घेऊ नका. पाकीट फोडताना टॅग फाडू नका, मूठभर सरकी त्यातच ठेवा आणि बिलासकट पत्र्याच्या पेटीत टाका. लावणीची तारीख आणि वेचणीचा प्रत्येक किलो वहीत मांडा. बोंडे किडली तर आठ दिवसांत तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दर गावातून अशा पाच वह्या जिल्हा बैठकीला आल्या पाहिजेत. 39 व्या कलमाखालचे अर्ज तिथेच बसून लिहू, लिहिता येणारी पोरे सोबत आणा.